पहिली शिकार आणि पालकांची जबाबदारी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि अनेक कुटुंबांतील मुले त्या दिवशी वडीलधाऱ्यांसोबत प्रथमच रानात पाऊल टाकतात. सुरक्षिततेचे प्रशिक्षण न झालेले मूल तेथे ‘मार्गदर्शित शिकार’ या तरतुदीखाली, म्हणजे हाताच्या अंतरावर असलेल्या जाणत्या प्रौढाच्या देखरेखीत, शिकार करू शकते. त्यासाठीची दहा वर्षांची किमान वयोमर्यादा २०१७ मध्ये उठवली गेली आणि वाद तेथूनच वाढला. भडक नारिंगी जाकीट घातलेल्या मुलाने चापापासून बोट दूर ठेवावे, हरणाच्या खांद्यामागची जागा स्पष्ट दिसेपर्यंत थांबावे आणि गोळी लागल्यावर त्याचे पोट चिरून आतडी काढतानाही मान फिरवू नये, अशी अपेक्षा असते. ती पेलण्याची समज प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या वयात येते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीस बंदी असल्याने मराठी वाचकाला ही प्रथा परकी वाटेल, परंतु ताटातले मांस कोठून येते हे मुलाला केव्हा सांगावे, हा प्रश्न येथल्या घरांतही आहे. कायद्याने वयाची अट काढली, तरी ‘यंदा नको’ असे म्हणण्याची जबाबदारी पालकांवरच राहते.