करमाफीने कापूस पिकत नाही

१९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. सप्टेंबरअखेरची मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात कापूस घरात येतो तो नेमका याच दिवसांत! गिरण्यांचे तेव्हा म्हणणे असे होते की, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला असताना स्वस्त रुई मिळालीच पाहिजे. कच्च्या मालाची खात्री आयातीनेच होईल.

गिरण्यांची अडचण खरी आहे, पण उपाय चुकीचा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्याही अमेरिकेच्या कापसावर विसंबून होत्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, पुरवठा तुटला आणि गिरण्या बंद पडल्या. तेव्हा साहेबाला वऱ्हाडची काळी जमीन आठवली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मार बसला तो इथल्या शेतकऱ्याला.

दुसरा आक्षेप असा, की इथला शेतकरी पिकवतोच कमी. २०१३-१४ मध्ये देशात सुमारे ३९८ लाख गाठी झाल्या, आता त्या ३०० लाखांच्या आसपास आल्या आहेत. ब्राझीलचा हेक्टरी उतारा आपल्या चौपटीच्या घरात. आकडे बरोबर आहेत. मात्र ब्राझीलचा बहुतेक कापूसही पावसावरच येतो. तिथे पावसाला जुळणारे वाण आहे, दाट लागवड आहे. इथे २००२ मध्ये बीटी वाण आले, गुलाबी बोंडअळीने ते पचवले, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. याला आळस म्हणायचे?

विक्रीचेही तसेच. दिवाळीच्या सुमारास दवात वेचलेला कापूस खरेदी केंद्रावर जातो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. उसनवारी फेडायची असते. मग तोच कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर, पडेल त्या भावाने.

पुरवठा टिकवायचा तर आधी हा शेतकरी कापसात टिकला पाहिजे. नाहीतर तो सोयाबीनकडे वळणारच. ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसाला फेब्रुवारी २०२४ पासून शुल्कमाफी आहे. ती राहू द्यावी, तो इथे फारसा पिकत नाही. बाकीच्या कापसावर ऑक्टोबर ते मार्च शुल्क हवेच. २०२५ च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. त्याचा पैसा आधी कोरडवाहू तालुक्यांत यावा: कमी दिवसांचे वाण, सघन लागवडीचे बियाणे आणि बोंडे भरताना देता येईल असे एक संरक्षित पाणी. आणि खरेदी केंद्र पहिल्या वेचणीलाच उघडावे. आर्णी तालुक्यातल्याच दाभडीत मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदींनी कापूस उत्पादकांशी ‘चाय पे चर्चा’ केली होती. अभियानाची सुरुवात तिथूनच व्हायला काय हरकत आहे?