खुन्याचं नाव काय ठेवायचं?

टीव्हीवरच्या गुन्हेकथांचं सगळं दुकान एका शब्दावर चालतं: सावध. ‘क्राइम पेट्रोल’ 2003 मध्ये सुरू झालं, ‘सावधान इंडिया’ 2012 मध्ये. बोईसर-तारापूरकडच्या घरांना त्यातली घरं ओळखीची वाटतात. वन बीएचके फ्लॅट, रात्रपाळीला गेलेला नवरा, कुरकुरणारी सासू, फोनवर हळू बोलणारी मुलगी. तारापूर एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांचं हेच तर चित्र आहे. म्हणूनच या मालिका करमणूक म्हणून पाहिल्या जात नाहीत. त्या धडा म्हणून पाहिल्या जातात. मग तो धडा तपासायलाच हवा.

तपासायला आपल्या जिल्ह्यातलंच प्रकरण घेऊ. वसईच्या एका तरुणीचा मे 2022 मध्ये दिल्लीत खून झाला. तिच्यासोबत राहणारा तरुण नोव्हेंबरमध्ये पकडला गेला. तो मुसलमान, ती हिंदू. डिसेंबरच्या अखेरीस ‘क्राइम पेट्रोल’चा एक भाग आला. तशीच कथा, पण खुन्याचं नाव हिंदू आणि मुलगी ख्रिस्ती. सोशल मीडियावर बहिष्काराची हाक उठली. वाहिनीने खुलासा केला की कथा काल्पनिक असून 2011 च्या घटनांवरून सुचलेली आहे. दिलगिरी व्यक्त केली आणि तो भाग काढून टाकला.

या गदारोळात प्रश्न एकच होता, खुन्याचं नाव काय ठेवायचं? एका बाजूला राग होता की ‘त्यांचा’ खुनी ‘आपला’ करून दाखवला. आणि आमच्या बाजूला? चहाच्या टपरीवर, नमाजनंतर मशिदीबाहेर जी कुजबुज चालली, तीही याच प्रश्नाची होती. खुनी आमच्यातला निघायला नको होता. त्या मुलीने मरण्याआधी काय भोगलं, हा प्रश्न दोन्हीकडे मागेच राहिला.

आधी नाव विचारायची ही सवय पालघरने याआधीही पाहिली आहे. 16 एप्रिल 2020 ला गडचिंचले गावात अफवेने पिसाटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं. त्यानंतर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. तीन माणसं मेली होती आणि देश यादीतली आडनावं वाचत बसला होता.

आता वसईच्या त्या मुलीकडे वळू. खुनाच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर 2020 मध्ये तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. तो मारतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पुढे तिनेच तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. फाइल मिटली.

माझ्या मते या प्रकरणाची खरी गोष्ट तो कागद आहे. पण कागदावर मालिका उभी राहत नाही. मालिकेला तुकडे लागतात, पार्श्वसंगीत लागतं, शेवटच्या दहा मिनिटांत चपळाईने धागा पकडणारा इन्स्पेक्टर लागतो. मार खाणारी बाई तक्रार मागे का घेते, हे दाखवायचं तर तिची भाड्याची खोली दाखवावी लागेल, माहेरचं बंद दार दाखवावं लागेल आणि ‘आपसात मिटवा’ म्हणणारा समाजही. त्या समाजात आपण प्रेक्षकही येतो.

कोणी म्हणेल, निदान मुली शहाण्या होतात. कशा? मी पाहिलेल्या कित्येक भागांत शहाणपण एवढंच आहे की घराबाहेर पाऊल टाकलेल्या मुलीचा शेवट वाईट. हा धडा मुलीपेक्षा बाप जास्त लवकर शिकतो. तो तिचा फोन तपासतो, कॉलेज बंद करतो, आणि ती तरीही गेलीच तर ‘आम्हाला मेली’ म्हणतो. हिंदू घरात हे संस्कृतीच्या नावाने होतं, आमच्या घरात खानदानाच्या इज्जतीच्या नावाने. दार दोन्हीकडे बंदच होतं. आणि मारणाऱ्याला नेमकी अशीच बाई सोयीची असते, जिला परत जायला घर नाही.

सरकारनेही वेगळं काय केलं? 13 डिसेंबर 2022 ला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवणारी समन्वय समिती नेमली, मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली. दोनच दिवसांत त्यातून ‘आंतरजातीय’ वगळलं. बाईला मार कोण देतो, तक्रार का मिटते, यावर समिती नाही. तिने कोणत्या धर्माच्या माणसाशी संसार मांडला, यावर मात्र समिती.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात महिलांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, 31.4 टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. यातली बहुतेक लग्नं घरच्यांनी पत्रिका, हुंडा, जात, खानदान पाहून जमवलेली. तिथे कोणी ‘जिहाद’ शोधत नाही, कारण तिथे मारणारा प्रत्येकाचा आपलाच असतो.

खरोखर सावध करायचं असेल तर एका भागात एवढंच सांगा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही लागू आहे. मारणाऱ्याला रोखण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. फोन 181. यात कुठेही धर्माचा रकाना आडवा येत नाही. मालिकेच्या एका जाहिरातीइतक्या वेळात हे सांगून होईल.

आणि आमच्या जमातीला माझं सांगणं आहे, खुन्याचं नाव बदललं म्हणून हायसं वाटून घेऊ नका. तो मुसलमान होता, हे स्पष्ट म्हणा. त्याच्या गुन्ह्याचा जाब समाजाला देण्याची गरज नाही, पण आपल्या मोहल्ल्यात ज्या घरातून रात्री रडण्याचा आवाज येतो, त्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे. बोईसरच्या इमारतींच्या भिंती पातळ आहेत. शेजारच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना ऐकू येतं. तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवायचा की जाऊन दार ठोठवायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.