मामाचा अर्धा कप

आमच्या सोसायटीतला एक मुलगा यंदा मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला गेलाय. गेल्या रविवारी तो वही घेऊन घरी आला. कॉलेजसाठी त्याला दहा मिनिटांचा लघुपट करायचाय. विषय ठरलाय, व्यसन. "ताई, तुम्हीही शिकत असताना अशीच फिल्म केली होती ना? आईनं सांगितलं. माझी स्क्रिप्ट वाचाल?"

वाचली. पहिलं दृश्य : रात्र, पाऊस, रेल्वेचा पूल आणि पुलाखाली थरथरत बसलेला तरुण. शेवटचं दृश्य : पहाट, तोच पूल आणि पांढरी चादर.

मला हसू आलं आणि पाठोपाठ कसंनुसंही झालं. कारण आमची फिल्म थेट अशीच होती. पूल तेवढा वेगळा!

२०१२ सालची गोष्ट. मी पुण्यात पत्रकारितेची पदविका करत होते. आम्हा पाच जणांच्या गटाला लघुपट करायचा होता. विषयांच्या यादीत पाणीटंचाई होती, ज्येष्ठ नागरिक होते, व्यसनाधीनता होती. आम्ही व्यसन उचललं, कारण त्यात 'करण्यासारखं' खूप होतं. कोणीतरी दारू सुचवली, तर दुसरा म्हणाला, "दारू? ती तर घरोघरी असते. त्यात काय दाखवणार?" मग गर्द ठरलं. ऐंशीच्या दशकात या भेसळयुक्त हेरॉइननं मुंबई-पुण्यातली कितीतरी तरुण मुलं गिळली होती. डॉ. अनिल अवचटांचं 'गर्द' आम्ही वाचलं होतं. डॅरन अॅरोनॉफ्स्कीचा 'रेक्विएम फॉर अ ड्रीम' हा २००० सालचा अमेरिकन चित्रपट तर लॅपटॉपवर चार वेळा पाहिला होता. त्यात नशा केली की पडदाभर एक डोळा दिसतो आणि त्याची बाहुली झर्रकन मोठी होते. तो क्लोजअप आम्ही जसाच्या तसा उचलला. पुढे कळलं, की हेरॉइननं बाहुली मोठी होत नाही, उलट टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. म्हणजे आमचा सगळ्यात 'वास्तववादी' क्लोजअपच खोटा होता!

पण त्या वेळी उत्साह दांडगा. मागून आणलेला कॅमेरा, गर्द म्हणून कणकेत मिसळलेला कोको, चॉकलेटचा चंदेरी कागद. दोन रात्री डासांच्या सोबतीनं शूटिंग केलं. एकाच ठिकाणी गाडी अडली. नायकाचे हात थरथरायला हवे होते आणि आमच्या मित्राला ते जमेना. तो हात असे हलवायचा, जणू ओले हात झटकतोय.

तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, "असं नाही. हात थरथरणारा माणूस हात हलवत नाही, तो हात लपवतो. कप उचलायच्या आधी आजूबाजूला बघतो. मग दोन्ही हातांनी धरतो. आणि मुळात कपभर चहा घेतच नाही, अर्धाच मागतो. म्हणजे सांडत नाही."

मित्रानं तसं केलं. सगळे गप्प झाले. दृश्य पहिल्याच टेकला ओके झालं. 'हे तुला कुठून सुचलं?' असं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ते सुचलेलं नव्हतंच. ते माझ्या मामाचे हात होते.

माझा मामा साताऱ्याला. कारखान्यात फिटर. सुट्टीत आम्ही गेलो की सकाळी सगळ्यांचे कप भरलेले असायचे, मामाचा अर्धा. लहानपणी वाटायचं, मामाला चहा आवडत नाही. मोठेपणी कळलं, पण घरात त्याला 'व्यसन' हा शब्द नव्हता. 'मामा घेतो' एवढंच म्हणायचे. पुलाखालच्या मुलाचं ते व्यसन, आपल्या माणसाचं ते 'घेणं'! आम्ही गर्दवर फिल्म करत होतो आणि त्या फिल्ममधली एकमेव खरी गोष्ट मी दारूकडून उसनी आणली होती, तीही मामाला न विचारता.

आमच्या छोट्याशा सभागृहात फिल्म दाखवली. डोळे तपासायला मामी साताऱ्याहून आली होती. आई तिलाही घेऊन आली. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, परीक्षकांनी 'धाडसी' म्हटलं आणि दुसरं बक्षीस मिळालं. मी हवेत होते. परतताना चहाला थांबलो. मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग कपाकडे बघत म्हणाली, "अर्धा कप तू पाहिलायस होय गं?"

माझ्या घशाला कोरड पडली.

"रागावले नाही मी," ती म्हणाली. "खरंच दाखवलंस. पण त्या मुलाच्या घरी कोणीच नाही का? आई, बायको, कोणीच? तो मेला, सिनेमा संपला. आमचं असं संपत नाही बाई. आमच्याकडे रोज सकाळ होते."

आणि मग ती बोलतच राहिली. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभं राहणं. वाण्याची उधारी. तांदळाच्या डब्यात ठेवलेले आणि तरीही सापडलेले पैसे. मुलाच्या मित्रांना घरी येऊ न देणं. "आणि आठ वर्षं त्यांच्या साहेबांना फोन करतेय, ह्यांना ताप आहे म्हणून. इतका ताप कोणाला येतो का गं?" ती हसली. आई मात्र रडत होती. सख्ख्या भावाच्या घरचं हे सारं तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

त्या रात्री मला राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवलं. हे नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली. नाटक सुधाकरच्या दारूचं, पण प्रेक्षक रडले ते सिंधूसाठी, तिच्या जात्यासाठी, तिच्या बाळासाठी. शंभर वर्षांपूर्वी गडकऱ्यांना जे दिसलं होतं, ते कॅमेरा हातात असून आम्हाला दिसलं नव्हतं. आम्ही सिंधूला कापूनच टाकलं होतं. तिच्यात 'बघण्यासारखं' काही नव्हतं ना!

बक्षिसाची फिल्म घेऊन मी एका व्यसनमुक्ती केंद्रात गेले. म्हटलं, तिथल्या रुग्णांना दाखवू. तिथल्या समुपदेशक बाईंनी ती आधी एकट्यानं पाहिली आणि डीव्हीडी परत हातात दिली. "ही मी माझ्या माणसांना दाखवू शकत नाही."

मला वाटलं, शेवटच्या मृत्यूमुळे. तर म्हणाल्या, "नाही, पहिल्या तीन मिनिटांमुळे. तो कागद, ती काडी, तो धूर. तुम्ही ते इतकं जवळून दाखवलंय, की आज रात्री माझ्या दोघा-तिघांना झोप लागणार नाही." नशा सुटल्यावरही मेंदू ती जागा, तो वास, ते दृश्य विसरत नाही. नुसत्या दर्शनानंही तलफ उसळते. आम्ही ज्याला भेदक चित्रण समजत होतो, ते तिथल्या माणसांसाठी आमंत्रण होतं.

"आणि शेवट?" मी चाचरत विचारलं.

"शेवट सोपा आहे," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाचं काही करावं लागत नाही. माझ्याकडे येतो तो माणूस जिवंत असतो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हात फार बरोबर दाखवलेत तुम्ही. घरी कोण आहे?"

वाचकहो, त्या फिल्मबद्दल मला कोणीही विचारलेला तो सर्वांत खरा प्रश्न होता. मी सगळं सांगितलं.

त्या तासाभरात जे कळलं, ते पदविकेच्या वर्षभरात कळलं नव्हतं. सकाळी हात थरथरतात ते दारूमुळे नव्हे, तर रात्रभरात शरीरातली दारू उतरल्यामुळे. म्हणूनच मुरलेल्या माणसाला 'आजपासून एकदम बंद' असं दरडावणं धोक्याचं असतं. दारू थांबवल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, नसलेली माणसं दिसू शकतात, जीवही जाऊ शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. सुटलेली दारू पुन्हा लागणं ही नालायकी नव्हे, तर आजार उलटणं आहे. पुन्हा उपचार घ्यायचे. आणि सर्वांत अवघड गोष्ट : 'ताप आहे' हा मामीचा फोन मामाची नोकरी वाचवत होता, तशी त्याची दारूही वाचवत होता. परिणामांची झळ त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, ती सगळी मामी अंगावर घेत होती.

"आधी त्यांना पाठवा," बाई म्हणाल्या. "मामांना नंतर."

हा विचार नवा नाही. अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू झालं आणि १९५१ साली त्याच्या एका संस्थापकाच्या पत्नीनं, लोइस यांनी पुढाकार घेऊन घरच्यांसाठी 'अल-अनॉन' उभं केलं. आज आपल्याकडेही हे गट भरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. अवचटांचं गर्दवरचं लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला धावले, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं.

मामी आधी एकटीच गेली, पुतण्याच्या लग्नाची खरेदी सांगून! तीन-चार महिने जात राहिली. मग एके सकाळी साहेबांचा फोन आला, तेव्हा तिनं 'ताप' म्हटलं नाही. "उठवते त्यांना, तुम्हीच बोला," म्हणाली. मामा तिच्याशी पंधरा दिवस बोलला नाही. कारखान्यातून नोटीस आली. २०१३ मध्ये तो दाखल झाला. बाहेर आल्यावर पाच महिन्यांनी एका लग्नात घसरला. २०१४ मध्ये पुन्हा दाखल झाला, पुन्हा घसरला. २०१५ पासून मात्र त्यानं थेंबही घेतलेला नाही. यकृताचं व्हायचं ते नुकसान झालंच. मुलाशी तुटलेलं बोलणं अजून पुरतं सांधलेलं नाही. या गोष्टीला पांढरी चादरही नाही आणि सनई-चौघडेही नाहीत.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'नं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या जवळपास पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे. अफू-हेरॉइनच्या वर्गातल्या नशेपायी मदतीची गरज असलेले ७७ लाखांच्या आसपास. म्हणजे पुलाखालच्या प्रत्येक मुलामागे घरातल्या स्वयंपाकघरात सात मामा बसलेले असतात. आणि दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्यांपैकी कुठलेही उपचार मिळालेले किती? ३८ जणांत एक! उरलेल्या सदतीस घरांत कोणीतरी फोनवर 'ताप आहे' म्हणत असणार.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी मामाला फोनवर वाचून दाखवला. त्या वेळी विचारलं नव्हतं, या वेळी विचारलं. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "तेव्हा विचारलं असतंस, तर नाहीच म्हटलं असतं. आता छाप. नाव नको, तुझ्या मामीला आवडणार नाही."

आता मामा पूर्ण कप चहा घेतो. वयामुळे हात किंचित हलतो, काळजीचं कारण नाही असं डॉक्टर सांगतात. तरी मामी चहा देताना आधी त्याच्या हातांकडे बघते आणि मगच तोंडाकडे. ती सवय तिची अजून गेलेली नाही. ती जायला कुठलं केंद्र आहे?

सोसायटीतला मुलगा काल पुन्हा आला होता. "मग ताई, शेवट काय करू?"

म्हटलं, "शेवट राहू दे. समज, तो मेला नाही. उजाडलंय, तो घरात झोपलाय आणि फोन वाजतोय. फोन कोण उचलतं, काय बोलतं, तिथून सुरुवात कर. आणि हो, कोणाच्या घरातलं काही उचलणार असशील, तर आधी त्यांना विचार."

त्यानं वहीत लिहून घेतलं. मग वही मिटून थोडा वेळ तसाच बसला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, त्या केंद्राचा नंबर मिळेल?"

मी कुणासाठी म्हणून विचारलं नाही. नंबर लिहून दिला. तुमच्यापैकी कोणाला हवा असेल, तर सरकारची व्यसनमुक्तीची विनामूल्य हेल्पलाइन आहे : १४४४६. ज्याला व्यसन आहे, त्यानंच फोन करायला हवा असं काही नाही.