शिदोरी कोणाची, ते तरी सांगा!

मी कौंडण्यपूरचा. वर्धा नदीकाठचं, रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखलं जाणारं आमचं गाव. दरवर्षी आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. माझी आजीही पूर्वी वारीला जायची. आता तिला पोथीतली बारीक अक्षरं दिसत नाहीत. म्हणून फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघांनी ठरवलं : पानाचा फोटो काढायचा, ॲपने मजकूर ओळखायचा आणि फोनने तो वाचून दाखवायचा. घरी नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. त्यामुळे अक्षरं ओळखायचं काम फोनमध्येच होणं भाग होतं.

ते काम करणारा प्रोग्राम मात्र आमचा नाही. तो आहे 'टेसरॅक्ट'. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झाला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. मराठीसाठी त्याचा तयार डेटाही मिळतो. आम्ही तो स्टॅटिक लायब्ररी म्हणून ॲपला जोडायला घेतला आणि तिथंच घोडं अडलं.

स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे 'डॉट ए' फाइल, हे कंपाइल केलेल्या ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं. लिंकर त्यातून लागतील तेवढ्याच फाइली काढतो आणि आपल्या प्रोग्राममध्ये कायमच्या घालतो. घरून बांधून नेलेली शिदोरीच म्हणा ना! अँड्रॉइडवर ती थेट जावाला जोडता येत नाही. आधी आपल्या सी++ कोडसोबत तिची 'डॉट एसओ' फाइल बनवायची, मग जावाने ती लोड करायची.

पहिली चूक : लॅपटॉपसाठी बनवलेली लायब्ररी तशीच उचलली. फोनचा प्रोसेसर एआरएम, लायब्ररी इंटेलची, मग कशी चालणार? एनडीके वापरून पुन्हा बिल्ड केली, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या एररचा पाऊस. तीन रात्री गेल्या. शेवटी उजेड पडला, की स्टॅटिक लायब्ररी स्वतःला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्रऱ्या सोबत आणत नाही. टेसरॅक्टला लेप्टॉनिका लागते, लेप्टॉनिकाला पीएनजी-जेपेगच्या लायब्रऱ्या. त्या सगळ्या आपणच द्यायच्या.

ॲप चाललं. पण खरा वाद झाला रिपोर्ट लिहिताना. रूममेट म्हणाला, "अबे, कोन पायते? सगळं आपनच केलं म्हून लिहून टाक!" माझं म्हणणं वेगळं होतं. दुसऱ्याची लायब्ररी वापरणं ही चोरी नाही, जगभर असंच काम चालतं. नाव लपवणं मात्र चोरीच. शिवाय टेसरॅक्टचं अपाचे लायसन्सच सांगतं, की वाटताना लायसन्सची प्रत सोबत द्या आणि मूळ मालकांच्या सूचना पुसू नका. एलजीपीएलची लायब्ररी स्टॅटिक जोडली, तर अटी आणखी कडक.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. अशा लायब्ररीत उद्या दोष सापडून दुरुस्त झाला, तरी ती दुरुस्ती आपल्या ॲपमध्ये आपोआप येत नाही. ॲप पुन्हा बिल्ड करून पुन्हा द्यावं लागतं. कुठली आवृत्ती जोडली हेच लिहून ठेवलं नसेल, तर पुढच्या बॅचने काय करावं?

अखेर आम्ही नाव लिहिलं. व्हायवात पहिला प्रश्न तोच आला, "यात तुमचं काय?" सांगायला आमच्याकडे भरपूर होतं. त्या तीन रात्री होत्याच!

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती : प्रत्येक रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करा. लायब्ररीचं नाव, आवृत्ती, लायसन्स आणि ती का घेतली, एवढंच. आणि ज्युनिअर दोस्तांनो, शिदोरी कोणाचीही घ्या, पण ती कोणी बांधून दिली हे सांगायला लाजू नका. आजीला तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "ज्यानं केलं त्याचं भलं होवो!"