ओढा सगळ्यांचा, पूर मात्र खालच्यांचा

25 सप्टेंबर 2019 ची रात्र पुणे शहर विसरू पाहत असले, तरी अरण्येश्वरजवळची टांगेवाले कॉलनी आणि दांडेकर पुलाची वसाहत ती विसरू शकत नाही. आंबिल ओढ्यासह अनेक ओढ्यानाल्यांना आलेल्या त्या पुरात शहर आणि परिसरातील वीसहून अधिक माणसे दगावली. आंबिल ओढा कात्रजकडून उतरतो आणि दत्तवाडीजवळ मुठा नदीला मिळतो. वाटेत त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या, पात्रात राडारोडा पडला, सीमाभिंती पुढे सरकल्या. पाणी मुरायला जागाच उरली नाही आणि त्याचा सारा लोंढा काठच्या वस्त्यांत शिरला.

पुरानंतर बोट दाखवले गेले ते याच वस्त्यांकडे. 24 जून 2021 रोजी, भर पावसाळ्यात आणि करोनाच्या सावटात, दांडेकर पुलाजवळची घरे पाडायला यंत्रे पोहोचली. न्यायालयाने त्याच दिवशी कारवाई थांबवली. ओढ्याचे पात्र मोकळे हवे आणि पूररेषेत कुणाचा संसार असू नये, याबद्दल वाद नाही. पण झोपडी तेवढी अतिक्रमण आणि सोसायटीची भिंत मात्र विकास, हा न्याय म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पर्यावरण ही सर्वांची जबाबदारी, असे भाषणात म्हणणे सोपे असते. कोणाचा वाटा किती, हे ठरले तरच तिला अर्थ येतो. पुण्याला याचा अनुभव आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने 2008 मध्ये करार केला. नागरिकांनी कचरा वेगळा करून घरटी शुल्क द्यायचे, कचरावेचकांनी तो दारातून न्यायचा आणि महापालिकेने साधने पुरवायची, अशी कामे वाटली गेली. त्या व्यवस्थेत कुरबुरी आहेत. पण कोण चुकले हे निदान सांगता येते.

ओढ्यांबाबतही अशीच वाटणी हवी. महापालिकेने हद्दी आखून नकाशे प्रभागात जाहीर लावावेत. वरच्या भागातील सोसायट्यांनी पावसाचे पाणी आपल्या आवारातच मुरवावे. राडारोडा टाकणाऱ्या बांधकामांचे परवाने रोखावेत. वस्तीतल्या रहिवाशांनी ओढ्यात कचरा टाकू नये, हे खरेच. पण त्यासाठी घंटागाडी आणि चालू शौचालय वस्तीपर्यंत आधी पोहोचले पाहिजे. नालेसफाईचे बिल काठच्या रहिवाशांनी काम पाहिल्यावरच निघावे. कायद्यात असलेली मतदारांची क्षेत्रसभा त्यासाठीच भरवता येईल. ज्यांना हलवणे अटळ आहे, त्यांना रोजगाराच्या जवळचे घर आधी मिळावे, पाडकाम नंतर.

नदीकाठ सुशोभित करण्यासाठी हजारो कोटींचा खर्च मांडणाऱ्या शहराला ओढ्याकाठची माणसे सुरक्षित ठेवणे परवडत नाही, असे म्हणता येणार नाही. पुढच्या पावसाळ्याआधी महापालिकेने आंबिल ओढ्याची हद्द जाहीर करावी आणि पहिला हातोडा वरच्या अंगाच्या बेकायदा भिंतींवर घालावा.