टाका नाही, म्हणून जखम नाही असे नव्हे

“डॉक्टर, टाका घातलेला नाही, पट्टीही निघाली. आता कुशावर्तात बुडी मारायला काय हरकत?” डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करून त्र्यंबकेश्वरी परतलेल्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. ‘बिनटाक्याची’ या शब्दानेच निम्मा घोटाळा केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडदा सुटला, किंवा मधुमेहामुळे डोळ्यात रक्त उतरले, तर आतला जेलीसारखा पदार्थ काढून पडद्यावर काम करावे लागते. पूर्वी त्यासाठी सुमारे ०.९ मिलिमीटरची भोके पाडून ती टाक्यांनी शिवत. २००२ साली २५ गेजची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची हत्यारे आली. २००५ मध्ये त्याहून किंचित जाड २३ गेजची. (तारेप्रमाणेच येथेही आकडा वाढला की जाडी कमी!) ही भोके सहसा आपोआप मिटतात. डोळा कमी खुपतो, लाली लवकर जाते. मात्र दृष्टी किती परत येणार, हे भोकावर नव्हे, पडद्याच्या अवस्थेवर ठरते. डोळ्यापुढे विजा चमकू लागल्या, काळी छाया सरकू लागली, तरी महिनाभर घरी बसलेल्याला बारीक हत्यार पहिली नजर देऊ शकत नाही.

आता गुंतागुंतीविषयी. भोक नीट न मिटल्यास द्रव झिरपतो व डोळा काही दिवस मऊ पडतो. बहुधा तो आपोआप सावरतो. झिरप दिसली तर शल्यविशारद सरळ एक टाका घालतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. खरी धास्ती जंतुसंसर्गाची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत जुन्या पद्धतीच्या ५,४९८ शस्त्रक्रियांत १, तर २५ गेजच्या ३,१०३ शस्त्रक्रियांत ७ डोळ्यांना संसर्ग झाला. पुढे भोक तिरके पाडू लागल्यावर हा फरक बराचसा ओसरला. पण संसर्ग झालाच तर डोळा जाऊ शकतो. म्हणून तज्ज्ञ परवानगी देईपर्यंत कुशावर्त नाही, नदी नाही, डोक्यावरून आंघोळही नाही. पर्वणी असली तरी नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागापुरती अधिक महत्त्वाची. पडदा जागी बसवण्यासाठी पुष्कळदा डोळ्यात वायू भरतात. प्रकारानुसार तो दोन ते आठ आठवडे टिकतो. मुंबईत शस्त्रक्रिया करून रुग्ण कसारा घाट चढतो. त्र्यंबकेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी. डोळ्यातला वायू त्या मानाने फुगू पाहतो, डोळ्याचा दाब चढतो, आणि फारच चढला तर पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो. घाटात डोळा ठणकू लागला, उलटी झाली, तर ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देऊ नये. विमान तर वर्ज्यच, आणि वायू विरेपर्यंत ब्रह्मगिरीही. नाशिकला शस्त्रक्रिया झाली असेल तर चढ थोडाच आहे, तरी विचारून घ्यावे.

माझी मागणी साधी आहे. घरी सोडताना डोळ्यात वायू आहे की तेल, तो किती दिवस राहील, घाट केव्हा चढावा, आंघोळ कशी करावी, हे रुग्णाच्या कार्डावर मराठीत लिहून मिळावे. वायू असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते कार्ड दाखवावे लागते, कारण भुलेच्या एका वायूने हा बुडबुडा झपाट्याने फुगतो. कार्डावर लिहिलेले नसेल तर नातेवाइकांनी तिथेच थांबून लिहून घ्यावे, मग गाडी सुटली तरी चालेल.