शब्दांच्या पोटातील शब्द

शब्दकोडी सोडवणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. मला तसे वाटत नाही. निदान त्यांतील एक प्रकार तरी प्रत्येक मुलाने शिकावा, असे माझे मत आहे.

आर्थर विन यांनी रचलेले चौकटींचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापले गेले. त्यात सरळ अर्थावरून शब्द ओळखावयाचा असे. पुढे इंग्लंडमध्ये कूट शब्दकोडी निघाली. त्यांतील सूचक वाक्य वरवर सांगते एक आणि सुचवते दुसरेच. नवशिक्यास त्यांतील सर्वांत सोपा प्रकार म्हणजे वाक्यातच दडलेला शब्द. ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. ज्या कोड्याचे उत्तर त्याच श्लोकात असते, त्यास संस्कृतात 'अंतर्लापिका' म्हणतात.

एक उदाहरण पाहा: 'एक मळकट पिशवी आणि तिच्या पोटात फूल.' उत्तर तीन अक्षरी आहे. वाचताच पिशवी डोळ्यांपुढे उभी राहते आणि आपण नाना फुले आठवू लागतो. येथेच आपण फसतो. अशा वाक्याच्या एका टोकास उत्तराचा अर्थ असतो; येथे तो 'फूल'. 'पोटात' हा शब्द दडण्याची जागा सांगतो. आता पिशवी विसरावी, शब्दांमधील मोकळी जागाही विसरावी आणि अक्षरे ओळीने वाचावीत: ए, क, म, ळ, क, ट. पाहा, 'कमळ' उमलले! मात्र काना-मात्रेसह अक्षर जसेच्या तसे घ्यावे. 'क'च्या जागी 'का' चालत नाही.

अर्थ सोडून अक्षरे पाहिल्याने वाचन बिघडेल, अशी शंका कोणी घेईल. पण सापडलेला शब्द दिलेल्या अर्थाशी जुळल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. अर्थाकडे परत यावेच लागते.

या खेळाचा मोठा गुण असा, की रचणारा चकवतो, पण खोटे बोलत नाही. उत्तर त्याने आपल्या हाती दिलेलेच असते. ते दिसत नाही, कारण लिहिलेले सोडून आपण मनातले वाचतो. ही सवय कोड्यापुरती राहत नाही. प्रश्नपत्रिकेत 'कोणतेही तीन' असे स्वच्छ छापलेले असता पाचही प्रश्न सोडवणारा विद्यार्थी तिच्यामुळेच वेळ गमावतो. कागद नीट न वाचता सही करणारा मनुष्य तर प्रसंगी घरदार गमावतो. डोळस वाचनाची सवय लहानपणी खेळता खेळता लागत असेल, तर त्या खेळास रिकामपणाचा उद्योग कसे म्हणावे?

आता हे कोडे तुम्ही सोडवा: 'वसा गरजूंच्या सेवेचा, त्यात सामावला समुद्र.' उत्तर तीन अक्षरी आहे. ते मी सांगत नाही, कारण ते तुमच्या डोळ्यांसमोरच आहे.